सरकारनं दारात उभं राहावं की हाकेला धावावं?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की माणसानं काही करण्याआधीच त्याला परवानगी मागायला लावणं वेगळं आणि त्यानं कुणाचं नुकसान केलं तर त्याला धरणं वेगळं, पहिलं जेवढं कमी तेवढं बरं आणि दुसरं जेवढं पक्कं तेवढं बरं. त्यावर भरपूर पत्रं आली, मेल आले, काही जण चिडलेत, एकानं तर सरळ विचारलंय की तुम्ही कुणाच्या बाजूनं लिहिता. मी गोव्यात फोंड्याला एका अकाउंटंटच्या ऑफिसात २२ वर्षं लोकांचे फॉर्म भरले, तेव्हा मी फॉर्म भरणाऱ्याच्या बाजूनं लिहिते. आता प्रश्न घेते, सगळे मावणार नाहीत.

प्रश्न : मी घरी खाजें, नेवऱ्या, चकल्या करून विकते, चवथीला ऑर्डरी बऱ्या असतात. तुम्ही म्हणता परवाने कमी करा, पण उद्या माझं खाऊन कुणाला बाधलं तर? आणि मी कागद करायला निघाले तर दोन महिने नुसती फिरतेय, कारण घर मुंडकारी आहे, म्हणजे जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) आणि पिढ्यानपिढ्या राहतो आम्ही. – एक गृहिणी, मडकई

ताई, बाधलं तर जबाबदार तुम्हीच, आणि तुम्हीच असायला पाहिजे, ह्यात माझं काही वेगळं म्हणणं नाही. पण मला सांगा, खाजें करताना गूळ करपू नये, तेल खवट असू नये म्हणून तुम्ही जी काळजी घेता ती भिंतीवर सर्टिफिकेट लावलंय म्हणून घेता का? वाड्यावरच्या एका बाईनं जरी म्हटलं की ह्या वेळी चव गेली तर पुढच्या चवथीला निम्म्या ऑर्डरी जातील हे तुम्हाला माहीत असतं, ती तपासणी कुठल्याही इन्स्पेक्टरपेक्षा कडक आहे आणि ती रोज होते.

अन्न खात्याची छोट्यांसाठीची नोंदणी सोपी आहे हे मी प्रामाणिकपणे सांगते. वर्षाची उलाढाल छोटी असेल तर फी अगदी थोडी, ऑनलाइन होते, कोण काय विकतंय आणि कुठून विकतंय हे खात्याला माहीत असावं एवढंच तिचं काम, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गोम पुढे आहे. पंचायतीकडे धंद्याच्या परवान्याला गेलात की घराचा मालकी कागद आणा, नाहीतर मालकाची ना-हरकत आणा, आणि मुंडकाराकडे ना हा असतो ना तो मिळतो.

हे मी घरच्या अनुभवानं सांगते. आमच्या आईच्या माहेरचं घर मुंडकारी, पत्र्याच्या ट्रंकेत एक पिशवी आहे, तिच्यात जमिनीच्या नोंदीचा १-१४ चा उतारा, त्यात इतर हक्कांच्या रकान्यात आजोबांचं नाव, घरपट्टीच्या पावत्या सुतळीनं बांधलेल्या, विजेची बिलं, आणि सगळ्यात खाली तारखांची चिठोरी, कधी तलाठ्याचा पंचनामा राहिला, कधी अधिकारी बदलला, कधी भाटकाराचे वारस मुंबईला म्हणून नोटीस परत आली. मुंडकार कायदा १९७५ चा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की पंचायत क्षेत्रात मुंडकाराला घर आणि ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते. कायदा चांगला, मला तो मान्य आहे, राहणाऱ्याला मालकी मिळणं ह्याच्याइतकं स्वातंत्र्याचं दुसरं काम नाही. पण पन्नास वर्षं झाली तरी केसी पडून आहेत. म्हणजे बघा, जो कागद सरकारनं द्यायचा तो सरकारनं दिला नाही, आणि तोच कागद नाही म्हणून सरकारच्याच दुसऱ्या टेबलावर तुमचं खाजें अडलंय. ह्यात बाधणाऱ्या माणसाचा संबंध कुठे आला?

तुम्ही आत्ता एवढं करा, अन्न नोंदणी आधी करून घ्या, आणि पंचायतीला लेखी विचारा की घरपट्टी तुम्हीच घेता मग राहत्या घरातल्या शेगडीला मालकाची ना-हरकत कुठल्या नियमाखाली लागते. तोंडी विचारू नका, तोंडी उत्तर टिकत नाही.

प्रश्न : मी २००९ पासून टुरिस्ट टॅक्सी चालवतो. तुमच्यासारखे शिकलेले लोक मार्केट मार्केट करून बाहेरच्या कंपन्यांना आत घेणार आणि आम्ही गोंयकार घरी बसणार. आमच्या लोनचं काय? – एक टॅक्सीवाले, कळंगुट

बाब, तुमचा राग मी समजू शकते आणि तुम्हाला गोड वाटेल असं खोटं लिहिणार नाही. मला वाटतं टॅक्सीचं ॲप आलं पाहिजे, एक नाही चार आले पाहिजेत. पण तुमच्या अडचणीचं मूळ तुम्ही जिथे बघताय तिथे नाही असंही मला वाटतं.

तुमची गाडी तुमची, पेट्रोल तुमचं, पाठ तुमची. तरी परमिट सरकारचं, भाडं किती ते सरकार ठरवणार, कुठे उभं राहायचं ते कोणीतरी दुसरा ठरवणार, मीटर कुठला लावायचा ते २०२१ मध्ये कोर्टाच्या हुकमानं ठरलं आणि तो बसवायला तुमचे किती दिवस मोडले ते तुम्हालाच माहीत. आणि २०१८ मध्ये गोवा माईल्स हे टॅक्सी ॲप आलं ते कोणी आणलं? पर्यटन महामंडळानं. म्हणजे नियम लिहिणारं सरकार आणि मैदानात उतरणारं पण सरकारच. ह्याला खुला बाजार म्हणत नाहीत, खुल्या बाजारात पंच बॅट घेऊन उतरत नाही. तेव्हा माझ्या मते तुमची मागणी अशी पाहिजे की ज्या अटी ॲपच्या गाडीला नाहीत त्या आम्हालाही नकोत. तुम्ही मागताय की आम्हाला आहेत त्या अटी त्यांना पण लावा, किंवा त्यांना येऊच देऊ नका, आणि सरकारला नेमकं हेच आवडतं, कारण मग दोघंही त्याच्याच दारात उभे.

दुसरी बाजू पण ऐका. दोन वर्षांमागे माझी मावशी पाय मोडून मुंबईहून आली, रात्री अकराला गाडीतून उतरलो, स्टेशनवर जो दर सांगितला तो ऐकून ती व्हीलचेअरवर बसूनच म्हणाली की आपण सकाळपर्यंत इथेच थांबूया. ती पण गोंयकारच. तिच्याकडे दुसरा फोन लावायची सोय असती तर त्या माणसानं तो दर सांगितलाच नसता, आणि मला खात्री आहे तुम्ही असता तर तुम्हीही सांगितला नसता, पण स्पर्धा नसली की चांगल्या ड्रायव्हरचं नावही वाईटाबरोबर जातं, गिऱ्हाईक दोघांत फरक करू शकत नाही.

कंपनी मग कमिशन वाढवून लुटेल ही भीती खरी आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. पण बंगळुरात २०२२ मध्ये रिक्षावाल्यांच्या युनियनच्या साथीनं नम्मा यात्री नावाचं ॲप निघालं, प्रत्येक भाड्यावर कमिशन नाही, गिऱ्हाईक पैसे देतं ते सरळ ड्रायव्हरला, नंतर रोजची छोटी ठरावीक फी आली. मोठ्या कंपनीला उत्तर असं द्यायचं असतं. तुमच्याकडे रस्ते माहीत असलेली माणसं आहेत, वर्षानुवर्षाची ओळखीची हॉटेलं आहेत, हे कुठल्या बाहेरच्या कंपनीकडे नाही. आणि आपल्या मोटरसायकल पायलटांकडे बघा, पिवळ्या मडगार्डवरून माणसं पोचवायचा धंदा आधी लोकांनी सुरू केला, लोकांना पटला, सरकारी कागद मागून आला. बाकीच्या राज्यांत बाईक टॅक्सीवरून आत्ता भांडणं चाललीत, आपल्याकडे म्हाताऱ्या बायका पायलटाच्या मागे आडव्या बसून बाजाराला जात आल्यात, कित्येक दशकं.

लोनचं म्हणाल तर, परमिट म्हणजे कायमचं संरक्षण असं समजून अनेकांनी लोन काढलं हे मला माहीत आहे. ती समजूत सरकारनंच वाढवली, प्रत्येक निवडणुकीला. त्याचा भार एकट्या तुमच्यावर पडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून परमिटच्या फिया, रोड टॅक्स ह्यात आधी सूट मागा, ती मागणी न्याय्य आहे आणि मी त्यात तुमच्याबरोबर सही करीन.

प्रश्न : हेल्मेटसक्तीबद्दल काय म्हणाल? – म्हापसा

मी घालते, पोरांना घालायला लावते. मोठ्या माणसानं स्वतःचं डोकं कसं सांभाळायचं ते त्याचं त्यानं ठरवावं, मागे लहान मूल असेल तर कायद्यानं बोलावं, कारण मुलानं ठरवलेलं नसतं. पण जो पोलीस सरळ रस्त्यावर आडोशाला उभा राहून तालांव (दंडाची पावती) देतो तोच ज्या वळणावर दर पावसात गाड्या घसरतात तिथे उभा दिसत नाही, ह्याचा मला जास्त राग येतो.

प्रश्न : सरकार नको म्हणता, मग खाणवाल्यांना पण मोकळं सोडा. आमच्या शेतात खाणीचा गाळ बसलाय, दोन पिढ्या बघतोय. तुमचं स्वातंत्र्य आमच्या कुठल्या कामाचं? – एक शेतकरी, डिचोली

ह्या पत्रानं मला दोन रात्री झोप दिली नाही. तुम्ही म्हणताय ते ऐकून माझं मत बदललं नाही, उलट पक्कं झालं, पण कसं ते नीट सांगायला हवं.

सरकार नको असं मी कधीच लिहिलं नाही. तुमच्या शेतात दुसऱ्याच्या खाणीचा चिखल येणं ही चोरीच आहे, जमीन चोरणं आणि जमिनीवर गाळ ओतणं ह्यात मला फरक दिसत नाही, आणि चोर धरणं हे सरकारचं पहिलं काम. आता आठवून बघा, ज्या वर्षी तुमच्या मेरेवरून लाल पाणी आत आलं त्या वर्षी त्या खाणीकडे काय नव्हतं? लीज होतं, पर्यावरण दाखला होता, प्रदूषण मंडळाची संमती होती, मंजूर आराखडा होता. तुम्ही तक्रार घेऊन गेलात की समोरून फाईल यायची, सगळ्या परवानग्या आहेत. म्हणजे तो परवाना तुमचं रक्षण करत नव्हता, खाणीचं करत होता. परवान्याच्या राज्यात हेच होतं, ज्याला वरपर्यंत पोचता येतं त्याच्यासाठी परवाना ढाल, आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी भिंत.

मूळ पण बघा. पोर्तुगीजांनी दिलेली कन्सेशन्स, म्हणजे खाणीचे हक्क, १९८७ च्या कायद्यानं सरकारी लीज झाली, खनिज सरकारचं, खाण सरकारच्या मर्जीची, त्यामुळे गावाशी बोलायची गरज कुणालाच राहिली नाही, बोलायचं ते पणजीत आणि दिल्लीत. मग २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि सगळं बंद. परत चालू. परत ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, परत बंद. ज्यानं गाळ सोडला तो पण बंद आणि ज्यानं कर्ज काढून एक ट्रक घेतला होता तो पण बंद. कोर्टाला मी दोष देत नाही, नूतनीकरण ज्या पद्धतीनं झालं ते रद्द व्हायलाच हवं होतं. पण एवढ्या सगळ्यात तुमच्या शेतातला गाळ कुणी काढला का? त्या शेताचे पैसे कुणी भरून दिले का? नाही ना.

मला जे पाहिजे ते असं. शेत तुमचं, तेव्हा चिखल आला त्याच पावसाळ्यात तुम्ही कोर्टात उभं राहायचं, परवाना आहे ही सबब तिथे चालायची नाही, नुकसान पूर्ण भरून मिळेपर्यंत त्या बाजूचं काम थांबायचं. तुम्ही म्हणाल कोर्टात वीस वर्षं जातात. अगदी बरोबर, तिथेच तर मला सरकार जास्त पाहिजे, जास्त न्यायाधीश, जास्त मामलेदार, जमिनीची मोजणी वेळेवर. ती माणसं आज कुठे आहेत? मडकईच्या ताईंच्या खाज्यांची ना-हरकत तपासत बसलीत.

प्रश्न : माडाला झाडांच्या यादीतून काढलं होतं ते तुमच्या मते बरोबर होतं का? – काणकोण

१९८४ च्या वृक्ष कायद्यात माड होता, २०१६ मध्ये दुरुस्ती करून काढला, २०१७ मध्ये परत आणला. माड तोच, बागेत तसाच उभा, दोन वर्षांत तो झाड होता, नव्हता, परत झाला. मला ह्यातली ही गोष्टच खटकते. घराच्या कौलांवर कललेला, किडा लागून पोकळ झालेला एक माड तोडायला पण कागद घेऊन फिरायचं आणि वादळ आलं की जीव मुठीत धरून झोपायचं हे चूक. पण शेकडो माडांचं भाट एका रात्रीत साफ करायचं, खालच्या विहिरी आटल्या तर आटू देत, हे पण चूक, कारण विहीर शेजाऱ्याची आहे. एक ओळ काढली किंवा घातली म्हणून ह्या दोघांतला फरक कळत नाही. नुकसान कुणाचं होतंय ते बघितलं तर लगेच कळतो.

प्रश्न : आमचे सर म्हणतात हे सगळे अमेरिकेचे विचार, आपल्याकडे त्याला मूळ नाही. खरं आहे का? – एक विद्यार्थी, पणजी

सरांचा मान ठेवून सांगते, नाही. राजाजींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला तो ह्याच मुद्द्यावर, लायसन्स-परमिट राज हा शब्द त्यांच्यामुळेच आपल्या तोंडी बसला, बरोबर मिनू मसानी होते, एन. जी. रंगा होते. त्याच्याही आधी १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय ह्या एकट्या माणसानं वेगळं मत लिहून दिलं होतं, की नोटा छापून एवढी मोठी योजना पेलणार नाही. एकटाच. आणि मराठीत तर आपल्याकडे शरद जोशी, स्वित्झर्लंडची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली आणि सांगितलं की शेतकऱ्याला भीक नको, घामाचं दाम पाहिजे, सरकारनं निर्यातबंदी आणि लेव्ही (सक्तीची खरेदी) लावून त्याला मुद्दाम गरीब ठेवलंय. ते कांद्याच्या वखारीतून आलेलं म्हणणं आहे, अमेरिकेतून नाही.

गोव्याचं तर आणखी वेगळं. आपल्या आजोबांनी सालाझारची हुकूमशाही बघितली, लग्नपत्रिका छापायची तर सेन्सॉरकडून पास करून घ्या. तिकडे पोर्तुगालमध्ये खिशात सिगरेट लायटर ठेवायला लायसन्स लागायचं, १९३७ पासून १९७० पर्यंत, काडेपेटीच्या धंद्याला धक्का नको म्हणून. १९६१ ला मुक्ती मिळाली, केवढा आनंद, आणि दीड वर्षही झालं नाही तोवर जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीचा सोने नियंत्रणाचा हुकूम आला, नवा दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही. सोनारांच्या हाताचं काम गेलं, देशभर कित्येक सोनारांनी जीव दिला. १४ कॅरेटची अट पुढे गेली पण सोने नियंत्रण कायदा १९९० पर्यंत होता. रेडिओ ऐकायला पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यायचं, ते पुस्तक आमच्या घरी अजून आहे, दर वर्षाचं तिकीट चिकटवलेलं. परकी सत्ता गेली पण परवानगी मागायची सवय राहिली, हे माझं दुःख आहे.

बाहेरच्यांपैकी एकाचं मात्र जरूर वाच, अर्थतज्ज्ञ हायेक. त्यानं १९४५ मध्ये मांडलं की बाजाराला लागणारी माहिती लाखो माणसांत थोडी थोडी पसरलेली असते, ती एका टेबलावर कधीच गोळा होत नाही. पटत नसेल तर सकाळी साडेसहाला मासळी मार्केटात जा. नुस्तेकान्न टोपली उतरवताना शेजारणीच्या टोपलीत बघते, जेटीवर किती ट्रॉलर लागले ते तिला फोनवर कळलेलं असतं, आज सोमवार आहे, श्रावण आहे, कोण खाणार कोण नाही ते तिला ठाऊक असतं, आणि बांगड्याचा वाटा ती आठ वाजता एका दरानं देते नि साडेदहाला दुसऱ्या. तो दर ठरवायला कमिटी बसवली तर मिनिट्स लिहून होईपर्यंत बांगडे कुसतील.

प्रश्न : तुम्ही लिहिता, आम्ही वाचतो. माझी फाईल तीन वर्षं एका ऑफिसात आहे. मी नेमकं करू काय? – केपे

माहिती अधिकाराचा अर्ज करा. आपल्या गोव्यानं स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७ लाच केला होता, देशाचा २००५ ला आला. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. पण प्रश्न नीट विचारा. "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका, कारण ते सांगायला ते बांधील नाहीत. असं विचारा की माझी फाईल कुठल्या तारखेला कुठल्या टेबलावर आली आणि कधी पुढे गेली त्याची नोंद द्या, त्या त्या वेळी तिथे कुठल्या हुद्द्याचा अधिकारी होता ते द्या, आणि जो कागद माझ्याकडे मागितलाय तो ज्या नियमाखाली मागितला त्या नियमाची प्रत द्या. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, मी ऑफिसात असताना अर्ध्या फायली ह्या तिसऱ्या प्रश्नावर हललेल्या बघितल्यात. शिवाय २०१३ चा कालबद्ध सेवा कायदा आहे, तुमचं काम त्या यादीत येतं का ते त्या ऑफिसच्या फलकावर बघा, येत असेल तर मुदत तिथेच लिहिलेली असायला पाहिजे.

अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर, तारीख आणि शिक्का मिळाल्याशिवाय काउंटरवरून हलू नका, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर तिथेच बाकावर बसा. उत्तर आलं की त्याची झेरॉक्स मला पाठवा, नाव झाकून पाठवलं तरी चालेल, त्यातली कुठली अट कायद्यात आहे आणि कुठली नुसती टेबलावरची आहे ते पुढच्या अंकात बघू.